पुरातल्या बोटीवरचा हवालदार

रबर आणि पेट्रोल यांचा एकत्र वास आला की मला चेन्नईतल्या नुंगंबाक्कममधली आमची गल्ली कमरेइतक्या पाण्यात दिसते. पुराच्या त्या सकाळी लष्कराची बोट फाटकाशी आली, तेव्हा मी निवृत्त कर्नल असल्याचं सांगून बोटीवरच्या हवालदाराला हुकूम सोडला, "आधी माझ्या बायकोला घे." तिला दमा होता आणि तिचा पंप संपत आला होता. हवालदाराने ओल्या अंगानेच कडक सलाम ठोकला आणि पाटीवरचं आडनाव वाचून तो मराठीत म्हणाला, "साहेब, पल्याड एक बाई बाळंतपनात अडलीय. कॅप्टनसाहेबांचा हुकूम हाय, आधी ती." मी आवाज चढवला, "तुझ्या कॅप्टनपेक्षा मी कितीतरी वरचा आहे!" "व्हय साहेब, पन आमी त्यांच्या हुकमात हाय." जिन्यावर बसलेली बायको धाप लागलेली असतानाही हसली. "अहो, जाऊ द्या त्याला. जन्मभर तुम्ही पलटणीतल्या पोरांना हेच शिकवलंत ना?" बोट वळली. ती आमच्यासाठी परत आली, तोवर पंप कसाबसा पुरला. त्या बाईला मुलगी झाली. कर्नलसाहेबांनी स्वतःची पाळी सोडली, असं गल्लीभर झालं. सोसायटीने मला शाल घातली आणि मी ती मुकाट्याने घेतली. बायको आता नाही, म्हणून हे मलाच सांगायला हवं. पाळी मी सोडली नव्हती. माझा दरारा झुगारून त्या बाईची पाळी हवालदाराने राखली. असे हवालदार ज्या फौजेत आहेत त्या फौजेत मी होतो, एवढाच मान माझा.