शिंगाजवळचं इंजेक्शन

सुई टोचली शिंगाजवळ आणि बोट दाखवलं गेलं यकृताकडे. हे गणित मला अजूनही नीट सुटलेलं नाही.

आमच्या बैलाच्या उजव्या शिंगाला कर्करोग झाला होता. शिंग कापायला तालुक्याहून एक तरुण डॉक्टर आले. बैलाच्या जबड्याखालची सूज त्यांनी दाबून पाहिली आणि मला विचारलं, "तलावात चरते का जी हा? तिथल्या गवतातून चपटे जंत पोटात जाते, लिव्हर पोखरते."

प्रश्न सोपा होता. पण बैलाचा दोर धरून उभा होता आमचा शेजारी, त्याच तलावात मासे धरणारा. पाणी ओसरलेल्या तलावात कोणी गुरं सोडायची नाहीत, वाळत घातलेली जाळी ती तुडवतात, हा ठराव ग्रामसभेत माझ्या बाबांनीच मांडलेला. आणि आमचे बैल रोज पहाटे तिथेच! बाबांनी माझ्याकडे पाहिलं. घरात शिकलेला मी एकटा, त्यामुळे चारचौघांत बोलायचं काम माझंच.

"नाही जी," मी म्हणालो, "घरचीच धानाची तनीस खाते. सूज शिंगामुळंच असन."

शेजाऱ्याने दोर आणखी आवळून धरला. त्याला ठाऊक होतं की नव्हतं, कोण जाणे.

डॉक्टरांनी डोळा आणि शिंग यांच्यामध्ये बधिर करायचं इंजेक्शन दिलं. बैलाने मान झटकली, म्हणून आणखी दिलं. शिंग कापताना तो हूं की चूं न करता उभा राहिला. आम्ही खूश. मग त्याचे कान थरथरू लागले, डोळे जड झाले आणि तो खाली बसला. दोन तास झाले तरी उठेना.

"औषध उतरून नाही राहिलं," डॉक्टर म्हणाले. "हे औषध लिव्हरच जिरवते. लिव्हर चांगलं असलं तर एवढा वेळ नाही लागत. खरंच तलावावर नाही जात ना?"

मी पुन्हा नाही म्हणालो. माझाच मला राग आला होता, पण शेजारी अजून तिथेच होता. दिवस मावळायच्या आत बैल गेला.

पुढे मी एका जुन्या पशुवैद्यांना विचारलं. ते म्हणाले, तेवढ्या औषधाने बैल मरत नसतो, रोगच आत पसरला असेल. दुसरे म्हणाले, यकृत खराब असेल तर काही सांगता येत नाही, आधी कळलं असतं तर बेतानं दिलं असतं. औषध, जंत, रोग की मी? विचार करून करून डोकं भंजाळतं.

त्या संध्याकाळी मात्र डॉक्टर बाबांपुढे हात जोडून उभे होते. "माझंच माप चुकलं जी. माफ करा."

बाबा जमिनीकडे पाहत राहिले. मग मीच पुढे झालो, डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ द्या साहेब. चुकते माणूस."