वाडी राखायला मागे राहिलेली

आवडाबाईला माणसांची सवय होती. जन्म वीटभट्टीवरचा, लग्नही भट्टीवरच ठरलेलं, आणि नवरा रघू तापाने गेला तोही भट्टीवरच्याच झोपडीत, आजूबाजूला सगळी भावकी बसलेली असताना. त्यामुळे या साली दिवाळीनंतर तिने एकटीने खैरवाडीत मागे राहायचं असं सभेत ठरलं, तेव्हा तिला भीती वाटली ती जनावरांची नाही की चोरांची नाही. दिवसभर कुणाशी बोलायचं, याची.

खैरवाडी रेवदंड्याच्या खाडीपासून जरा आत, डोंगराच्या उतारावर आहे. कातकऱ्यांची घरं, बरीचशी कुडाची, काहींवर आता पत्रे आलेले. घरं आज्या-पणज्यांपासूनची, पण खालची जमीन कागदावर एका जुन्या खोताची. खोताच्या नातवांनी ती मुंबईच्या एका शेठला विकली. शेठला तिथे पाहुण्यांसाठी बंगले बांधायचे होते. वाडीने घराखालच्या जागेसाठी अर्ज केला, तेव्हा कचेरीची माणसं पाहणीला आली ती नेमकी भर थंडीत. थंडीत खैरवाडीत कोण असणार? पावसाळ्यात भट्टीचा मुकादम घरोघरी उचल देऊन ठेवतो, आणि ती फेडायला दिवाळी झाली की म्हाताऱ्या-पोरांसकट सगळी वाडी भट्टीवर जाते. बंद दारं बघून साहेबांनी लिहिलं, इथे वस्ती आढळली नाही. त्या कागदाच्या जोरावर शेठच्या जेसीबीने वरच्या अंगाची दोन घरं पाडली. वैशाखात माणसं परत आली तेव्हा चुलीच्या जागी चाकांचे चर पडलेले होते.

त्यानंतर कल्पिताने एकच गोष्ट लावून धरली. कल्पिता याच वाडीची, बारावीपर्यंत शिकलेली, आसपासच्या वाड्यांची संघटना तीच चालवायची. ती म्हणायची, "मोजणी पुन्हा मागू, पण मोजायला येतील तेव्हा वाडीत माणूस पाहिजे. निदान एक घर तरी मागे राहिलं पाहिजे."

मागे राहणाऱ्याने खायचं काय, हा प्रश्न होता. मुंबईची एक संस्था मदत द्यायला तयार झाली. त्यांची माणसं गाडीतून आली, चांगलं बोलली, पोरांना खाऊ दिला. फक्त त्यांचं म्हणणं असं, की आमचं नाव लावायचं असेल तर कचेरीसमोर धरणं, घोषणा असलं काही नको. शेजारच्या वाडीचा म्हातारा धर्मा तेवढं ऐकून उठलाच. "त्यांचं घेतलं, तर उद्या बसायचं का न्हाय ते त्यांना इचारायला लागंल," तो म्हणाला. "आपली मूठ हाय ना. लहान हाय, पन आपली हाय."

मूठ म्हणजे वाड्यांचा सामायिक निधी. चक्रीवादळात छपरं उडाली त्या साली सुरू झालेला. दर आठवड्याला प्रत्येक घराने मूठभर तांदूळ काढायचे, भट्टीवरून येताना जमेल ती वर्गणी द्यायची. रेवदंड्याच्या कोळणी सुकी मासळी द्यायच्या. मासळी सुकवायच्या जागेवरून त्यांचंही एक भांडण चालू होतं आणि त्यांच्या धरण्याला कातकरणी जाऊन बसल्या होत्या, तेव्हापासूनचं हे नातं. मुठीतलं कुणाला द्यायचं ते सगळ्या वाड्यांची सभा ठरवायची. या साली सभेने खैरवाडी राखायला द्यायचं ठरवलं, आणि राखायला आवडाबाईचं नाव पुढे आलं. विधवा, उचल घेतलेली नाही, बोलायला घाबरत नाही.

"मी ऱ्हाते," आवडाबाई म्हणाली. "पन पौषात मैनाचं बाळतपन हाय."

मैना तिची एकुलती एक मुलगी. तिच्या नवऱ्याने, सुजितने, आधीच उचल घेतली होती. तिला पोटुशीच भट्टीवर जायचं होतं. सभेनंतर कल्पिता आवडाबाईला बाजूला घेऊन म्हणाली, "मावशी, मैनाच्या घरालाही मुठीतून द्या म्हणून पुढच्या सभेत बोलू का?"

"माझ्याच घरात दोन वाटे मागू व्हय? धर्मादादाच्या वाडीची मानसं काय म्हनतील?"

आवडाबाईला आतून वाटत होतं, हिने अजून एकदा विचारावं. कल्पिताने विचारलं नाही.

वाडी रिकामी झाली. सुरुवातीला आवडाबाईने कामं काढली. रोज वेगवेगळ्या घराची चूल पेटवायची, म्हणजे धूर दिसतो आणि कुडाला वाळवी लागत नाही. अंगणं झाडायची. मागे राहिलेल्या कुत्र्यांना पेज घालायची. पण दुपार झाली की काम संपायचं आणि मग संध्याकाळपर्यंतचा वेळ अंगावर यायचा. भट्टीवर विटा थापताना कंबर मोडायची, तरी हाताबरोबर तोंडही चालायचं. इथे तर स्वतःचा खोकलासुद्धा परका वाटायचा. खालच्या गावात मीठ-मिरची आणायला गेली की दुकानातल्या बायका म्हणायच्या, "आवडाबाय, यंदा बसून खातेस. चैन हाय तुझी." ती हसायची आणि वर यायची. एवढीशी चढण, पण हल्ली मध्ये बसावं लागायचं.

अशा दिवसांत गोदू कोळीण तेवढी यायची. मुठीतली सुकी मासळी पोचवायचं तिच्याकडे होतं. टोपली उतरवली की ती पायरीवर पाय पसरून बसायची आणि नवऱ्याची, सुनेची, बर्फाच्या भावाची गाऱ्हाणी सांगायची. आवडाबाई नुसती ऐकायची. ते ऐकूनच तिला बरं वाटायचं.

पौषात कल्पिताचा फोन आला. मैनाला मुलगी झाली होती, भट्टीवरच. बाळ ठीक आहे, पण मैनाला ताप आहे. आवडाबाईने पिशवीत लुगडं भरलं. तेवढ्यात कल्पिता म्हणाली, "मावशी, एक सांगायचं होतं. मोजणीची तारीख मिळाली आहे. याच आठवड्यात."

आवडाबाईने पिशवी खाली ठेवली. "ताप लई हाय का?" तिने विचारलं.

"सुजित म्हणतो, गोळ्या दिल्यात."

ती वाडीतच थांबली. लेकीला ताप आणि आपण इथे दुसऱ्यांच्या चुली पेटवत बसलोय, हे दर घासाला आठवायचं. मोजणीच्या दिवशी पहाटेच तिने सगळ्या घरांची दारं उघडून ठेवली. अंघोळ करून उंबऱ्यावर बसली. दुपार झाली, ऊन कलंडलं, कुणी आलं नाही. नंतर कळलं, साहेबांची दुसरीकडे ड्युटी लागली होती. नवी तारीख ठरलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी गोदू आली तेव्हा आवडाबाई चुलीपाशी तशीच बसलेली होती, चूल न पेटवता. गोदूने टोपली खाली ठेवली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू जा. मी बसतंय हितं."

"तुझा धंदा?"

"सून बघंल. काम शिकवलंय तिला, कधीतरी उपयोग हू दे. मोजायला आलं तर ही घरं कुनाची ते मला काय ठाऊक न्हाय? सगल्यांच्यात मी मासली घालतंय."

आवडाबाई एसटीने पेणकडच्या भट्टीवर गेली. मैनाचा ताप उतरला होता, पण ती वाळून काडी झाली होती. आईला बघून ती रडली नाही. म्हणाली, "आलीस व्हय," आणि बाळ तिच्या मांडीवर दिलं. आवडाबाईने लेकीला न्हाऊ-माखू घातलं, मेथीची पेज करून भरवली, बाळाला शेक दिला. भट्टीवरच्या बायका येऊन बसल्या, वाडीची चौकशी केली. कुणी विचारलं, माझी तुळस जगली का. दोन रात्री राहून ती निघाली, तेव्हा मैना एवढंच म्हणाली, "आये, आमी तुला सोडून आलो का तू आमाला सोडलंस, मला कळतच न्हाय."

आवडाबाईने बाळाचं दुपटं सारखं केलं आणि वाडीकडची एसटी धरली.

शिमगा झाल्यावर मोजणीदार आला, न सांगता, बरोबर दोन माणसं आणि शेठचा मॅनेजर. कल्पिताला कळवावं तर फोनला रेंज नव्हती. मॅनेजर म्हणाला, "बघा साहेब, एक म्हातारी सोडून कोणी नाही."

मोजणीदार वाईट माणूस नव्हता, घाईत होता. "बाई, बाकीचे कुठे आहेत?"

"भट्टीवर. पावसाआदी येतील. तुमी घरं बघा." ती पुढे झाली. एकेका दारात उभी राहून नाव सांगत गेली, आत बोलावून चूल दाखवत गेली. पाडलेल्या दोन घरांच्या जागी जोत्याचे दगड होते, तिथेही ती त्यांना घेऊन गेली. मॅनेजर मध्ये बोलायला लागला, तशी ती मोजणीच्या टेपच्या आडवी बसली. "लिहून झाल्याबिगर मी उठनार न्हाय. माजा अंगठा घ्या." मोजणीदाराने एकदा मॅनेजरकडे आणि एकदा घड्याळाकडे बघितलं आणि लिहायला लागला.

सगळी घरं कागदावर आली. पाडलेल्या जागाही नोंदल्या गेल्या. राहिलं एकच. ओढ्यापलीकडचं मैनाचं घर. "हे दुसऱ्या गट नंबरात येतं," मोजणीदार म्हणाला. "त्याचा अर्ज वेगळा करा."

वैशाखात माणसं परत आली आणि सभा धर्माच्या वाडीत भरली. कल्पिताने पंचनामा वाचून दाखवला. लोक खूश झाले. आवडाबाईला मानाने पुढे बसवलं. मग कल्पिता म्हणाली, की मैनाच्या घरासाठी पुढच्या थंडीतही कुणीतरी राहायला हवं. सगळ्यांनी आवडाबाईकडे बघितलं.

"मी न्हाय ऱ्हानार," ती म्हणाली. "मैना ऱ्हाईल. घर तिचं हाय आनि पोर तान्ही हाय. सुजितनं या पावसात उचल घिऊ नये, मुठीनं त्यांना सांभाळावं. मी भट्टीवर जाईन. तिथं मानसं तरी आसतात."

कल्पिताचा चेहरा उतरला. "मावशी, भट्टीवरून सुटायलाच तर हे सगळं चाललंय."

"सुटू की. आपन कुटं सोडलंय? पन मी दमले गं. या साली दुसरं कुनीतरी बसा."

मग धर्माने हात वर केला. त्याचं बघून बाकीच्यांनी केले. मैनाच्या घराचं ठरलं.

सभा उठल्यावर कल्पिता तिच्याजवळ येऊन बसली. "मावशी, तुला काय हवंय का? मुठीतून, किंवा असंच."

आवडाबाईने थोडा विचार केला. "आठ दिस मला कुनी काय इचारू नका," ती म्हणाली, आणि मैनाच्या कडेवरची नात घेऊन घरी निघाली.