त्या सिनेमाचा मी केलेला शेवट

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, देवापुढेही नाही — देवापुढे तर हात जोडून मुद्दाम दुसरंच काहीबाही मागत राहिले. गेल्या महिन्यात तो नट वारला, आणि आमच्या इथल्या मराठी मंडळाने त्याच्यावर चार शब्द बोलायला मलाच उभं केलं. त्याचे सिनेमे माझ्याइतके कुणाला ठाऊक नाहीत, असं सगळ्यांना वाटतं. खरंच आहे ते.

भाषणात मी त्याचा दारुडा गवई वाखाणला. वकीलही वाखाणला — खरं तर तो मला आता साफ खोटा वाटतो, नुसता आवाज चढवायचा आणि केस उडवायचे. आणि त्याचे ते नवरे! बायकोच्या मुस्काटात मारायची, मग तिच्या पायाशी बसून असं रडायचं, की थेटरातल्या बायका तिच्याआधी त्याला माफ करून मोकळ्या. मीही त्यातलीच. त्या रडण्यापुढे त्याचा हात आम्हाला दिसलाच नाही — हे काही मी बोलले नाही. टाळ्या पडल्या, चहा झाला.

एक सिनेमा मात्र मी गाळला.

सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. मी आमच्या या बेटावरच्या रोझ हिल शहरात मामाकडे राहून शिकत होते, शनिवारी बसने कांप दे मास्कला, आमच्या गावी, घरी यायचे. आमच्याकडच्या बायका थेटरात जात नसत. गाणी रेडिओवर ऐकायच्या आणि सिनेमा माझ्याकडून. रविवारी दुपारी बाजाराच्या भाजीच्या जुड्या बांधायला सगळ्या आमच्या पडवीत जमायच्या, आणि मी पाटावर बसून पहिल्यापासून सांगायचे — गाणी म्हणून, रडून, त्याच्यासारखी भुवई उडवून. मी सांगेन तोच सिनेमा. काय भाव खायचे मी! जुडी एक बांधायची नाही.

त्या रविवारी माझी चुलत बहीण, सुमन आक्का, तिथे होती. तिला बेटाच्या दुसऱ्या टोकाला, पांपलमूस गावात दिली होती. आठ दिवसांपूर्वी लेकीला कडेवर घेऊन ती माहेरी आली — डावा कान सुजलेला, त्याच्यावर पदर. काका म्हणत होते, राहू दे तिला. काकी म्हणत होती, पाठवा. आक्का स्वतः काहीच म्हणत नव्हती.

आणि मी नेमका तो सिनेमा पाहून आले होते. त्यात त्याची बायको शेवटी घर सोडून जाते. तो दारात उभा राहतो. रडत नाही, हाक मारत नाही. हातांचं काय करावं ते न कळल्यासारखा नुसता उभा — आणि ती वळूनसुद्धा बघत नाही. बस्स. आज मला विचाराल, तर आयुष्यात त्याने केलेलं सगळ्यात चांगलं काम तेच. तेव्हा मात्र मला त्याचा रागच आला. माझा जीव जडलेला त्याच्यावर. त्याला कुणी असं सोडून जातं का?

सांगता सांगता मी त्या दारापाशी आले. आक्काचे हात थांबले.

“मग परत येते ती, बाय?”

ती कुणासाठी विचारतेय, ते मला कळलं नव्हतं का? कळलं होतं. अगदी स्वच्छ कळलं होतं. एकोणीस वर्षांची घोडी होते मी, आणि तो कान मला बसल्या जागेवरून दिसत होता.

येते, म्हटलं मी. फाटकापर्यंत जाते आणि मागे फिरते. मग तो रडतो — आणि दुसऱ्या सिनेमांतलं त्याचं सगळं रडणं मी तिथे करून दाखवलं. बायकांनी डोळे पुसले. आक्काही रडली, मग हलकी होऊन हसली. मंगळवारी सकाळच्या बसने ती पांपलमूसला गेली.

माझ्यामुळे गेली? काकी मागे लागलीच होती, वगैरे वगैरे — मी मनाशी खूप घोळवलं आहे. राहू दे ते. पुढच्या वर्षी तिला डाव्या कानाने ऐकू येईनासं झालं.

मग व्हिडिओ आले. काकाच्या घरच्या गणपतीला दुपारी कुणीतरी भाड्याची कॅसेट लावली. पहिल्याच गाण्याला मी ओळखलं. उठून बंद करता आलं असतं — डोकं दुखतंय म्हटलं असतं तरी चाललं असतं. बसून राहिले. आक्का माझ्या शेजारीच होती. बाई चालू लागली, तो दारात उभा राहिला, आणि पडद्यावर नावं यायला लागली.

“बे, लीन आले!” आक्का मोठ्याने म्हणाली. इथल्या क्रेओल बोलीतच आलं तिच्या तोंडून. “ही तर गेली, बाय. गेलीच की.”

मी तिच्या उजव्या कानाशी वाकले. म्हटलं, याचे दोन शेवट होते, आक्का. थेटरात वेगळा होता. हा नंतर केलाय.

 ती म्हणाली, “असेल.” आणि माझ्या हातावर हात ठेवून, “तुझाच बरा होता.”

दोन शेवट नव्हते. एकच होता. आक्का अजून त्याच घरात आहे, आणि तिला मी हे सांगितलेलं नाही.