अकराच्या पुढं कोण मोजतं

माझी आत्या मल्लम्मा उमरग्याच्या एका खाजगी दवाखान्यात नऊ वर्षं क्लोरोफॉर्म द्यायची. आधी ती तिथं फरशी पुसायला होती. कंपाउंडरचे हात थरथरायला लागले तेव्हा डॉक्टरांनी जाळी आणि बाटली तिच्या हाती दिली. तोंडावर जाळी, जाळीवर कापड, कापडावर थेंब आणि नजर रोग्याच्या श्वासावर, एवढंच काम. पण आत्या एवढ्यावर भागवणारी बाई नव्हती. नको तिथं नाक खुपसायची तिला जन्मजात खोड. ती माझ्यातही उतरली आहे, म्हणून हे सगळं मी तिच्याकडून काढून घेतलं.

झोप लागेपर्यंत रोग्यानं आकडे मोजायचे असा तिथला रिवाज होता. शुद्धीवर आला की आत्या त्याला पाणीसुद्धा न देता विचारायची, “कुठं गेलता? काय दिसलं?”

जळकोटचा बब्रुवान म्हणाला, “अकरापत्तुर म्या मोजलं. फुडं दुसराच कुणीतरी मोजीत व्हता. आवाज तेवढा माझा.” हात मोडलेली कस्तुराबाई म्हणाली, “शेजारी एक हात पडला व्हता. बिचारीचा लई मोडलाय म्हणून मला वाईट वाटलं. कुणाचा व्हता काय ठावं.” बलभीमचं गळू फोडायला दहा मिनिटं लागली, पण उठल्यावर त्यानं पहिलं विचारलं, माझी पोरं केवढी झाली? त्याच्या मते मधे बारा वर्षं गेली होती.

आत्यानं डॉक्टरांना भंडावून सोडलं. ते म्हणाले, “मेंदू एकदम झोपत नाही, मल्लम्मा. दुखणं दारापर्यंत येतं, पण दार उघडायला घरात कुणी नसतं.”

“मग घरवाला गेला कुठं?” आत्यानं विचारलं. डॉक्टर चिडले.

मठातल्या स्वामींना तिनं विचारलं तर ते म्हणाले, मीपणा जायला जन्म खर्ची पडतो. आत्या तोंडाची फटकळ. “आमच्याकडं अकरा आकड्यांत जातो,” म्हणाली. वर्षभर मठात तिचं नाव काढायची सोय राहिली नाही.

एकदा तिनं स्वतःच बाटली हुंगली. थेंब टाकणारे आपलेच हात तिला परक्या बाईचे वाटले, आणि ती बाई किती सावकाश काम करते याचा राग आला. डॉक्टरांना कळलं तेव्हा त्यांनी आकाशपाताळ एक केलं. “काळीज बंद पडतं यानं! खेळ आहे का?” महिनाभर बाटली कुलपात होती. मला विचाराल तर डॉक्टरांचं बरोबर होतं.

अठ्ठेचाळीस सालचा उन्हाळा, उमरगा तेव्हा निजामाच्या राज्यात. रझाकारांनी मुलूख हैराण केला होता, आणि सरहद्दीपलीकडच्या कॅम्पांतली, निजामाविरुद्ध लढणारी पोरं त्याची करोडगिरीची म्हणजे जकातीची नाकी जाळत होती. एका सकाळी जवळच्या वाडीतली सिताबाई बैलगाडीतून एका जखमी माणसाला घेऊन आली. “माझा ल्योक हाय, व्यंकट. मांडीत फाळ घुसला,” असं ती सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली. आत्याच्या कानात मात्र म्हणाली, “कॅम्पातला शांतलिंग हाय ह्यो. काल नाक्यावर ह्याचा थोरला भाऊ महालिंगप्पा ह्याच्या म्होरंच गोळी लागून गेला. ह्याला धरलं तर जित्ता सोडत न्हाईत.”

डॉक्टरांनी जखम पाहिली. ती फाळाची नव्हती, गोळीची होती. त्यांनी हत्यारं उकळायला सांगितली.

हत्यारं उकळत होती तोवर खबर लागून अमीनसाहेब आले, म्हणजे निजामाचे फौजदार. त्यांनी स्टूल ओढून टेबलाला लावलं. “बेहोश आदमी झूट नै बोलता,” म्हणाले. “सो गया तो मैं नाम पूछूंगा.”

 नऊ वर्षांत आत्याला एक गोष्ट पक्की कळली होती. माणूस एकदम जात नाही. आधी लाज जाते, मग लपवाछपवी जाते, आणि मीपणा सगळ्यात शेवटी जातो. मधल्या त्या वेळात विचारलं तर माणूस मनातलं सगळं भडाभडा ओकतो. ती वेळ लवकर सरावी म्हणून जास्त थेंब टाकावेत, तर काळीज बंद पडायचं.

शांतलिंग मोजू लागला. नऊ, दहा, अकरा. मग आकडे थांबले आणि जाळीखालून पुटपुटणं सुरू झालं, “महालिंगप्पा, खाली बस... खाली...”

आत्या त्याच्या तोंडावर वाकली आणि खणखणीत आवाजात मोजू लागली. “बारा! तेरा! चौदा!”

“ये क्या?” अमीन पुढे सरकले.

“त्यो थांबला की आमी मोजायचं, साहेब. रीतच हाय. अजून जागा हाय त्यो. आत्ता इचारलं तर खोटं बोलंल.”

असली कुठलीही रीत नव्हती. एक्केचाळीसपर्यंत ती मोजत राहिली, एकही थेंब घाईनं पडू दिला नाही. मग पुटपुटणं सैल झालं, आणि तिनं अमीनना मान हलवून खूण केली.

“नाम क्या है तेरा?” अमीननी विचारलं.

“माझं?” शांतलिंग लांबून बोलल्यासारखा म्हणाला. “त्याला इचारा. त्यो बगा खिडकीत हुबा हाय.”

अमीननी खरंच खिडकीकडं पाहिलं. “और तू कौन?”

“म्या कुणीच न्हाय.”

डॉक्टरांनी गोळी काढून बोळ्यांच्या ताटलीत दडवली. अमीन काही हलले नाहीत. शुद्धीवर आल्यावर पुन्हा विचारतो म्हणाले.

अर्ध्या तासानं शांतलिंगनं डोळे उघडले. त्यानं छताकडं पाहिलं, आपल्या हातांकडं पाहिलं आणि अगदी भाबडेपणानं विचारलं, “माझं नाव काय?”

 आत्या काही बोलायच्या आत दारातून सिताबाई ओरडली, “व्यंकटा! माझ्या लेकरा!”

“व्हय,” तो हसला. “व्यंकट.”

तो नाटक करत नव्हता. रिकाम्या जागी जे नाव मिळालं ते त्यानं घेतलं. अमीननी विचारलं, बैल किती? दोन, एक लई मारका. बायको? करायची हाय अजून. हे सांगताना तो लाजला. भाऊ? “म्या एकलाच,” तो म्हणाला, इतक्या निवांतपणे की अमीननी कंटाळून टोपी उचलली आणि ते निघून गेले.

सिताबाईला रडू फुटलं. आत्या मात्र त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. एवढा सुखी माणूस त्या खाटेवर तिनं कधी पाहिला नव्हता, आणि ते सुख आता किती वेळ टिकेल हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

दुपार कलायच्या आत त्याच्या कपाळावर आठी आली. तो उठून बसायला लागला. “अण्णा कुठाय? अण्णा माझ्या म्होरं व्हता.” मग त्याचं त्यालाच आठवलं.

तो आत्याला म्हणाला, “अक्का, ते औषध आणिक थोडं द्या.”

“देता येत न्हाय, बाबा.”

“मग मगाशी मारली तशी हाक तरी मारा.”

आत्यानं त्याचा हात हातात घेतला. “व्यंकट,” ती म्हणाली. “व्यंकटा.”

त्यानं डोळे गच्च मिटून घेतले आणि वाट पाहिली.

“न्हाय व्हत आता,” तो म्हणाला.