कुसुमावतीची विद्युल्लता करायची होती

धारच्या दुर्गेची देवासला कुसुमावती झाली ती एका कादंबरीपायी. ती कादंबरी दुर्गेनं वाचलेली नव्हती. तिला तेव्हा वाचताच येत नव्हतं.

लग्न लागून वऱ्हाड देवासला आलं, गृहप्रवेश झाला, रीतीप्रमाणे ताटात तांदूळ पसरले आणि नवरदेवाच्या हातात सोन्याची अंगठी दिली. त्या अंगठीनं तांदळात बायकोचं नवं नाव लिहायचं, साखर वाटायची, आणि माहेरचं नाव त्या घटकेला संपायचं. मोरोपंतांच्या घरात सुना येत त्या रमा, उमा, राधा अशा आटोपशीर नावांनी नांदत. नीलकंठानं मात्र अंगठी धरली ती नाटकातला राजा तलवार धरतो तशी, आणि लिहायला लागला तो थांबेना. शेवटचं अक्षर ताटाच्या काठाला जाऊन टेकलं.

"कुसुमावती!" त्यानं वाचून दाखवलं आणि टाळी पडेल म्हणून जरा थांबला.

"कोण कुसुमावती?" मोरोपंतांनी विचारलं. "आपल्यात तर कुणी नाही."

"बाबा, ती नायिका आहे. मासिकात येते, दर महिन्याला."

"येते तर येऊ दे. आपल्या घरी कशाला?"

मासिकातली कुसुमावती मोगऱ्याच्या वासानं मूर्च्छित होत असे. इथली कुसुमावती उंच, सावळी, मनगटानं दणकट. धारला असताना मुंज तलावाच्या एका काठावरून तिनं हाक मारली तर दुसऱ्या काठावरची म्हैस मान वळवायची. पुरुषाच्या जन्माला आली असती तर एखाद्या नाटक कंपनीनं तिला पायघड्या घालून नेली असती. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायला तिला घसा ताणावा लागला नसता.

तर ही कादंबरी देवासला आली कशी? विलायतेत कुणा कवीला धुकं बघून भरून आलं. ते भरून येणं जहाजात बसून कलकत्त्याला उतरलं, तिथे त्याला धोतर नेसवलं. मग ते मुंबईला आलं, पुण्याला गेलं; पुण्यात त्यावर वाद झाले, दोन मासिकं बंद पडली आणि तीन निघाली. शेवटी टपालाच्या थैलीतून इंदूरवरून टांग्यानं ते देवासला पोचलं आणि थेट दुर्गेच्या डोक्यावर आदळलं. साहित्यानं जग बदलतं, असं नीलकंठ म्हणायचा. त्याचं जग ओसरीपासून माजघरापर्यंत होतं, आणि त्यात बदलायला हाताशी काय, तर बायको.

नीलकंठ थोरल्या पातीच्या दरबारात कारकून होता. देवास गाव एक आणि राज्यं दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती; रस्त्याच्या या कडेला एकाचा अंमल, त्या कडेला दुसऱ्याचा. दिवसभर नीलकंठ जमाबंदीचे कागद उतरवायचा आणि संध्याकाळी नवप्रभात मंडळाचा चिटणीस व्हायचा. मंडळाचे अध्यक्ष तात्या वकील. अशिलांनी रस्ता बदलला की ते अध्यक्षपदाच्या खुर्चीत बसत. बाकी सभासद पाच-सात. सगळ्यांनी मानेपर्यंत केस वाढवलेले आणि सगळे उदास. कशानं उदास, ते कळत नसे. जेवणं तर वेळेवर होत होती.

आधी सुधारणेची लाट आली. बायकोनं योग्य जागी रडावं म्हणून नीलकंठानं तिला वाचायला शिकवलं. ती चटकन शिकली. कादंबरी वाचली आणि म्हणाली, "ही बाई सबंध दिवस खिडकीशी बसते. मग त्यांच्याकडे स्वयंपाक कोण करतं?"

"ते लेखकानं लिहिलेलं नाही."

"तेच विचारतेय मी."

मग निसर्गाची लाट आली. नीलकंठ तिला देवीच्या टेकडीवर सूर्यास्त दाखवायला घेऊन गेला. कपाळाला हात लावून, वाक्य विसरलेल्या नटासारखा उभा राहिला. "बघ, क्षितिज कसं रक्ताळलंय!"

"बघितलं. चला आता, दूध विरजायचंय."

गंमत अशी, की एवढ्या हौसेनं ठेवलेलं ते नाव त्यानं कधी उच्चारलं नाही. हाक मारताना आपलं "अगं". सासरे "सूनबाई" म्हणत, मुलगी "आई". कुसुमावती हे नाव मंडळात मिरवायला होतं. घरात त्याला काही काम नव्हतं. आणि दुर्गा हे नाव उरलं होतं धारला, एका माणसाच्या तोंडी. वडील उमाशंकरपंत केव्हाच गेले होते. भाऊ धाकटा, तो ताई म्हणायचा. आई मात्र दरसाल उंबऱ्यात उभी राहून म्हणायची, "आली का गं माझी दुर्गी?" तेवढं एकदा ऐकलं की दुर्गेला वर्षभर पुरायचं.

पुढे काही वर्षांनी माघात भाऊ देवासला आला तो आई गेल्याचं सांगायलाच. दुर्गा धारला जाऊन आली. येताना बैलगाडीत ती सरळ समोर बघत बसली होती. आईसाठी रडून झालं होतं. पण आता आपल्याला दुर्गा म्हणणारं कुणी उरलं नाही, हे तिच्या त्या रस्त्यावर ध्यानात आलं, आणि मग तिला रडूही येईना.

या दुखवट्याला महिना-दीड महिना होतो न होतो तोच गावात बातमी फुटली, की कविभास्कर येणार. खरं नाव काहीही असो, त्यांना सगळे कविभास्करच म्हणत आणि तेही नको म्हणत नसत. त्यांचं नवं खंडकाव्य तेव्हा गाजत होतं. त्यातली नायिका विद्युल्लता पहिल्या सर्गात एक ढग बघते आणि पुढचे सगळे सर्ग नुसती उसासे टाकून मरते. पुण्या-मुंबईच्या घराघरांत ते काव्य वाचून पोळ्या करपत होत्या म्हणे.

नीलकंठ नाचतच घरी आला. दुर्गा पापडाचं पीठ कुटत होती.

"अगं, ठरलं! भर सभेत, कविभास्करांच्या हातून! ताट, तांदूळ, अंगठी, सगळं. तुझं नाव विद्युल्लता."

मुसळ थांबलं. "मला नको."

"नको काय? नको म्हणायला कारण?"

"एकदा बदललंय ना?"

"कुसुमावती जुनं झालं गं! मोगरा नि मूर्च्छा, ते सगळं मागे पडलं. आता विजेचा काळ आहे. मंडळातले बाकीचेही आपापल्या घरी बदलणार आहेत. माळव्यात पहिली तू!"

"विजेचं काय करायचंय मला? मी दुर्गा आहे."

"दुर्गा!" नीलकंठानं नाक मुरडलं. "त्यात काव्य कुठंय?" आणि निघून गेला, पत्रकं वाटायला.

सासू उमाबाई पाट्याशी बसून सगळं ऐकत होत्या. दुर्गा त्यांच्याजवळ जाऊन बसली.

"सासूबाई, तुमचं माहेरचं नाव काय हो?"

पाट्यावरचा वरवंटा थांबला. "आता कशाला?"

"सांगा ना."

"विठा," उमाबाई म्हणाल्या. बऱ्याच दिवसांनी जिभेवर आलेला शब्द त्यांनी जरा चाखून बघितला. "बागलीला होते तोवर विठा. इथे येऊन उमा झाले. सुरुवातीला हाक आली की मी मागे वळून बघायची, कुणाला बोलावतायत म्हणून. ओ देत नाही म्हणून किती बोलणी खाल्ली! पण आमच्या वेळी माणसाला एकदाच मारत, बाई. हा माझा मुलगा तुला दर हंगामाला मारायला निघालाय."

"मग सांगा त्यांना."

"माझं ऐकेल? मी काय छापून आलेय?"

सभेचा दिवस उजाडण्याआधी मांडवावरून भांडण झालं. थोरल्या पातीच्या मंडळींना वाटे कवी आपला, धाकट्या पातीच्या मंडळींना वाटे आपला. अखेर मांडव रस्त्यावरच आडवा घातला आणि कविभास्करांची खुर्ची अशी ठेवली, की दोन पाय या राज्यात, दोन त्या राज्यात. कविभास्कर सकाळीच इंदूरहून टांग्यानं आले होते. दाल-बाफले पोटभर खाऊन, झोप काढून, शालजोडी सावरत ते उभे राहिले.

"एक कवी उठतो," ते गरजले, "आणि खंडच्या खंड कूस पालटतात!"

मागे एक मारवाडी शेटजी घोरत होते, त्यांनीही कूस पालटली. पुढे ग्रीस झालं, इटली झाली, फ्रान्स पेटवून झाला, सगळं कवितेनं. तात्या वकील प्रत्येक देशाला मान डोलवत होते. त्यांना इंदुरापलीकडचा देश माहीत नव्हता.

मग ताट आलं. कविभास्करांनी अंगठी घेतली आणि विद्युल्लता असं लिहिलं. दुर्गेला चिकाच्या पडद्यामागून बोलावलं. बायकांत कुजबुज झाली. पुढच्या रांगेत मोरोपंतांनी डोळे मिटून घेतले. सूनबाई चारचौघांत व्यासपीठावर, हे बघण्यापेक्षा ते बरं. दुर्गा डोक्यावरचा पदर सावरत आली आणि ताटाशी उभी राहिली.

"विद्युल्लतावहिनी, आता नाव घ्या!" तात्या ओरडले.

"नाव घ्या, नाव घ्या!" मांडव ओरडला.

"घेते की," दुर्गा म्हणाली, "पण कुणाचं घेऊ ते आधी सांगा. काव्यातली विद्युल्लता कुणाची हो?"

कविभास्कर खुलले. बाईनं काव्य वाचलंय! "तरंगसेनाची, बाई. तरंगसेनाची प्रिया ती."

"मग विद्युल्लता होऊन मी नीलकंठरावांचं नाव कसं घेऊ? परपुरुषाचं नाव घेतल्यासारखं होईल."

चिकामागून पहिलं हसू फुटलं. मग मांडवभर पसरलं. शेटजी जागे झाले आणि शेजाऱ्याला विचारू लागले, "कई हुयो भिया, कई हुयो?"

"ताट आहे, तांदूळ आहेत, अंगठीही आहे," दुर्गा पुढे म्हणाली. "यांचंही आत्ताच बदलून टाका. तरंगसेन मोरेश्वर. म्हणजे जोडी जमेल."

"अगं, भलतंच काय!" नीलकंठाचा चेहरा पांढराफटक पडला. "माझं नाव दरबारच्या दफ्तरात आहे. आजोबांचं नाव आहे ते!"

"माझं माझ्या आजीचं होतं," दुर्गा म्हणाली.

ती ओरडली नाही. पण तो आवाज थोरल्या पातीतून निघाला आणि धाकट्या पातीतल्या शेवटच्या माणसापर्यंत गेला. हसू थांबलं.

तेवढ्यात मोरोपंत उठून उभे राहिले. त्यांना सुनेच्या आजीशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी एवढंच ऐकलं होतं, की आपल्या वडिलांच्या जागी कुणी तरंगसेन बसतोय. "माझ्या वडिलांच्या नावाला हात लावाल तर खबरदार! उचला ते ताट!"

दुर्गेनं ताटावरून तळहात फिरवला. तांदूळ सारखे झाले. मग पदर नीट केला, मांडवाकडे तोंड केलं आणि म्हणाली,

"दोन राज्यांच्या मधोमध मांडव घातला मोठा,
नीलकंठरावांच्या दुर्गेला नावांचा नाही तोटा!"

टाळ्यांनी कनातीच्या दोऱ्या हलल्या. सगळ्यांत आधी टाळी वाजवली ती कविभास्करांनी. हा प्रवेश आपल्या स्वागतासाठीच बसवलाय अशी त्यांची समजूत झाली होती. परत गेल्यावर त्यांनी त्यावर नवं खंडकाव्य लिहिलं. बाणेदार वधू, भरली सभा, सगळं आहे त्यात. फक्त त्या वधूचं नाव तेजस्विनी. पुढच्या लग्नसराईत माळव्यातल्या चार घरांत नवरदेवांनी तांदळात तेजस्विनी लिहिलं, आणि त्या चौघींना नाव बदलून घ्यायचंय का, हे विचारायची त्यांतल्या एकालाही आठवण झाली नाही. थोर साहित्य जगात पोचतं ते असं.

नीलकंठ माणूस वाईट नव्हता. दुर्गा तापानं फणफणली होती तेव्हा रात्रंदिवस उशाशी बसून त्यानंच कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या. फक्त ठेवता ठेवता कविता म्हणत होता. त्यानं पुन्हा नावाचा विषय काढला नाही. हाक तीच राहिली, "अगं". मोरोपंतांची "सूनबाई"ही तीच.

पण सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मागल्या अंगणातून उमाबाईंनी हाक दिली, "दुर्गे, पापडाला लाट्या करायला घे गं!"

दुर्गा दारातच थबकली. उमाबाई खाली मान घालून पीठ तिंबत राहिल्या. "बघत काय राहिलीस? ऊन वर आलंय."

त्या दिवशी पापड लाटायला आळीतल्या बायका जमल्या, नेहमीपेक्षा जरा जास्तच. तात्या वकिलांच्या पत्नीही आल्या. वकिलांनी त्यांचं नाव कादंबिनी ठेवलं होतं. पोळपाट मांडले, लाट्या वाटल्या. मग कादंबिनीबाई लाटता लाटता, कुणाकडे न बघता म्हणाल्या, "मी ठकू. उज्जैनला सगळे ठकूच म्हणायचे."

"अगं बाई, ठकू!" कुणीतरी खुदकन हसलं.

"हसू नका हो. वकील आम्हांला मेघमाला करणार होते आता."

"मी चिमा," कोपऱ्यातली म्हणाली.

"मी भागू."

"माझं तर सांगायलाच लाज वाटते. दगडू! मुलं जगत नव्हती ना, म्हणून."

अंगणभर हसणं उसळलं. दगडूबाईंना हसून हसून ठसका लागला, दुर्गेनं त्यांच्या पाठीवर थापा मारल्या. या चळवळीला मासिक नव्हतं, अध्यक्ष नव्हते, आणि ती अजून कुणा विद्वानाच्या नजरेला आलेली नाही. त्या आळीत मात्र पुढे बरीच वर्षं एका अंगणातून दुसऱ्या अंगणात ठकू, चिमा, भागू अशा हाका जात राहिल्या.

"चला, नावं सांगून झाली असतील तर हात चालवा," दुर्गा म्हणाली. "विठाबाई, ती परात इकडे सरकवा."

आणि उमाबाईंनी, सासूपण विसरून, मुकाट्यानं परात सरकवली.