विनाथांबा बोकड आणि मामांचा डावा पाय

एका बोकडापायी दीड वर्ष लंगडलेला माणूस अख्ख्या पृथ्वीच्या पाठीवर एकच असेल, आणि तो म्हणजे माझे धाकटे मामा. हे मी अभिमानाने सांगतेय की लाजून, ते माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही. मामा एसटीत कंडक्टर होते. नोकरीभर त्यांनी जिल्ह्याला "म्होरं सरका, म्होरं सरका" म्हणून पुढे सरकवलं, आणि निवृत्त झाल्यावर सरकवायला कुणी उरलं नाही म्हणून शेळ्या आणल्या, असं माझी आई म्हणते. मामांचं मत निराळं. "शेळीसारखा प्रवासी न्हाय बघ," ते मला म्हणाले होते, "खिडकीच्या जाग्यासाठी भांडंल, शिंगं लावंल, पण उतरताना कंडक्टरला शिव्या देणार न्हाय." मंगळवार पेठेत दोन खोल्यांचं घर, मागे हातभर परडं, त्या परड्यात पत्र्याची शेड आणि शेडमध्ये चार काळ्याभोर उस्मानाबादी शेळ्या. मामींना कपडे वाळत घालायला जागा उरली नाही तेव्हा मामांनी दोरी शेळ्यांच्या डोक्यावरून बांधून दिली. त्या वर्षी मामींच्या दोन साड्यांचे पदर आणि मामांचा स्वतःचा एक खाकी सदरा शेळ्यांनी खाल्ला. सदऱ्याबद्दल मामा कधीच काही बोलले नाहीत.

शेळ्यांची नावं त्यांनी एसटीच्या गाड्यांवरच्या पाट्यांवरून ठेवली होती. गारगोटी, राधानगरी, मलकापूर आणि गगनबावडा. त्यामुळे मामांशी फोनवर बोलणं म्हणजे स्टँडवरच्या चौकशी खिडकीशी बोलण्यासारखं होतं. "गारगोटी सकाळीच सुटली, जुळी हायेत," असं ते सांगायचे तेव्हा ती व्याली आहे हे मला कळायचं, पण मी शिकवते त्या शाळेतल्या दुसऱ्या बाई शेजारून ऐकत असल्या की त्यांच्या चेहऱ्यावर काय यायचं ते विचारू नका. गगनबावडा दरवेळी आठवडाभर उशिरा व्यायची. "घाटरस्ता हाय, वेळ लागणारच की," असं म्हणून मामा तिची समजूत घालायचे. करडं दूध पीत असेपर्यंत त्यांना नाव नसायचं, ती सगळी 'हाफ'. पाला खायला लागलं की करडाला 'फुल' म्हणायचे आणि त्या दिवशी मामींना गूळ-खोबरं वाटावं लागायचं. शेडच्या आढ्याला त्यांनी एक घंटा आणि दोरी बांधली होती. एकदा टण केलं की सगळ्यांनी थांबायचं, टण टण केलं की चरायला निघायचं. तुम्हाला पटणार नाही, पण शेळ्या ते पाळायच्या. फाटक सताड उघडं असलं तरी डबल बेल झाल्याशिवाय एकही शेळी बाहेर पाय टाकत नसे.

आणि या सगळ्यांचा राजा म्हणजे विनाथांबा. राधानगरीच्या पोटचाच, पण बाप लांबच्या गावचा, नामांकित. छाती रुंद, कान लोंबते, कपाळावर पांढरा टिळा, दाढी अशी की शेजारचे निवृत्त हेडमास्तर त्याला पाहून स्वतःच्या दाढीवरून हात फिरवायचे. आजूबाजूच्या गावांतून लोक माजावर आलेल्या शेळ्या टेम्पोत घालून त्याच्याकडे आणायचे. मामा त्यांना आधी ओसरीवर बसवायचे, पाणी द्यायचे आणि मग मुलगी बघायला आल्यासारखी चौकशी सुरू व्हायची. हिची आई कुठली? दूध किती देत होती? जुळी व्हायची का एकेकच? हिच्या आईला कुठला बोकड लावलता? कुणाची शेळी कुणाची कोण लागते हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. एकदा कळंब्याकडून एक पाहुणे सकाळपासून उन्हात शेळी घेऊन आले. मामांनी तिच्या कपाळावरचा पांढरा टिळा पाहिला, दोन प्रश्न विचारले आणि हात जोडले. "पावणं, जमायचं न्हाय. ही इनाथांब्याची लेकच लागती. वंश बिघडंल." पाहुणे म्हणाले, "अवो, जनावराला कुठलं आलंय नातं?" मामा ताडकन उठले. "जनावराला नसंल, मला हाय की!" मग मात्र त्या पाहुण्यांना जेवायला घातल्याशिवाय सोडलं नाही, आणि कुठल्या गावचा कुठला बोकड त्यांच्या शेळीला शोभेल हेही समजावून सांगितलं.

मटण मामांना वर्ज्य होतं असं मात्र समजू नका. दर रविवारी घरात मटण शिजायचं आणि मामा मनापासून जेवायचे. फक्त खाटकाकडे गेले की आधी विचारायचे, "हे कुठल्या गावचं?" गाव ओळखीचं निघालं तर पुढच्या दुकानात. "वळखीचं नको," एवढंच म्हणायचे. घरची पाट, म्हणजे तरणी शेळी, असो की बोकड, पाळणाऱ्यालाच द्यायचा, कापणाऱ्याला नाही, हा त्यांचा नियम. विकत घ्यायला आलेल्या माणसाच्या हाताचा ते आधी वास घेत, असं मामी सांगतात. मी खोटं मानत नाही.

असं सगळं गाडीसारखं सुरळीत चाललेलं असताना एका उन्हाळ्यात मामांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. दवाखान्यात आठ दिवस ते नुसते छताकडे बघत पडले होते. मामींनी डोळ्याला पदर लावून गगनबावड्याच्या वाटेवरच्या आपल्या माहेरच्या देवीला नवस बोलला, "ह्यांना पयल्यासारखं चालतं-फिरतं कर, घरचा बोकड दीन." त्या घडीला मामींना नवरा दिसत होता, बोकड दिसत नव्हता. देवीने ऐकलं म्हणा, औषधं लागू पडली म्हणा, मामा पंधराव्या दिवशी बोलायला लागले, दोन महिन्यांत काठी टेकत परड्यात गेले. आणि त्याच दिवशी मामींनी त्यांना आनंदाच्या भरात नवस सांगितला. घरात बोकड म्हणाल तर एकच होता. मामा विनाथांबाच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले, आणि घरात परत आले ते जाताना लंगडत होते त्याच्या दुप्पट लंगडत.

नवस 'पहिल्यासारखं चालतं-फिरतं' होण्याचा होता ना? मग मामांनी पहिल्यासारखं व्हायचंच नाही असं ठरवलं. डॉक्टर म्हणाले, पाय ठणठणीत आहे. मामा म्हणाले, "तुमच्या मिशनीला ठणठणीत दिसत आसंल." मामी समोर असल्या की डावा पाय असा ओढायचे की बघणाऱ्याने धावत जाऊन आधार द्यावा. मामी देवळात गेल्या की तोच पाय शिडीवर चढून सुबाभळीच्या फांद्या तोडत असे. एकदा मी अचानक गेले तर मामा शेडच्या पत्र्यावर उभे. मला बघून तिथेच लंगडायला लागले. पत्र्यावर लंगडणं किती धोक्याचं असतं ते तेव्हा मला कळलं. "मामीला सांगू नगंस, पोरी," ते खाली उतरून म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. मी एरवी तोंडाने फटकळ आहे, पण त्या दिवशी त्यांची काठी शोधून त्यांच्या हातात दिली.

मामींची मात्र वेगळीच पंचाईत. नवस फेडला नाही तर देवी दिलेला नवरा परत नेईल ही भीती त्यांना जाळत होती. दर पौर्णिमेला त्या गगनबावड्याच्या गाडीत बसून देवीकडे जायच्या आणि तिला सांगायच्या, "आजून न्हाय गं बाई पयल्यासारखं. पाय वडत्यात. जरा दम धर." दीड वर्ष देवीने दम धरला.

मग दुसऱ्या वर्षी दिवाळी संपता संपता परड्याच्या फाटकाची कडी निघाली होती आणि गल्लीत एक नवा कुल्फीवाला शिरला. त्याने आपल्या गाडीची घंटा वाजवली. टण टण. विनाथांबाने मान वर केली. डबल बेल झाली म्हटल्यावर निघायचं, एवढंच त्याला माहीत. तो फाटकातून निघाला, त्याच्यामागे चारही शेळ्या, त्यांच्यामागे हाफ तिकिटं, आणि ही सगळी गाडी रस्त्यावरच्या रिक्षांच्या आणि मोटरसायकलींच्या गर्दीत घुसली. मामा तेव्हा ओसरीवर पाय शेकत बसले होते. काठी तिथेच राहिली. मामांनी ओसरीवरून उडी मारली, गटार ओलांडलं, हेडमास्तरांच्या कंपाउंडची भिंत टाकली आणि चौकात एका ट्रकपुढे आडवे जाऊन विनाथांबाच्या गळ्याला मिठी मारली. गल्लीतली माणसं बघत होती. दारात मामी उभ्या होत्या, शेजारी दिवाळीला आलेली मी. बोकडाला धरून परत येताना निम्म्या वाटेवर मामांना लंगडायची आठवण झाली, पण तोवर मामींनी पदर तोंडाला लावला होता आणि त्या हसत होत्या की रडत होत्या ते मलाही कळलं नाही. "झालासा की पयल्यासारखं," त्या एवढंच म्हणाल्या.

आता पळवाट उरली नव्हती. पौषात देवीची जत्रा, तेव्हा नवस फेडायचा असं ठरलं. मला वाटलं मामा भांडतील, उपाशी राहतील. तसं काहीच झालं नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून त्यांनी विनाथांबाला रोज सकाळी आंघोळ घालायला सुरुवात केली. ऐन थंडीत! तांब्याने मानेवर, पाठीवर पाणी सोडायचं आणि तो हलला नाही की मूठभर भिजवलेले हरभरे द्यायचे. मी विचारलं तर म्हणाले, "देवीम्होरं घाण जनावर न्यायचं व्हय?" निरोपाची माया असेल असं समजून मी त्या दोन महिन्यांत त्यांच्याकडे जायचंच टाळलं.

जत्रेला आम्ही सगळे गेलो. तिथली रीत अशी की बोकडाला देवीपुढे उभा करायचा, गुरवाने त्याच्या मानेवर-पाठीवर पाणी सोडायचं, आणि बोकडाने थरथरून अंग झाडलं की देवीने त्याला पत्करलं. अंग झाडल्याशिवाय हात लावायचा नाही. गुरवाने पहिला तांब्या ओतला. विनाथांबा रवंथ करत उभा. दुसरा ओतला. विहिरीचं पाणी, अंगावर पडलं तर माणूस ओरडेल इतकं गार. विनाथांबाने मामांच्या हाताकडे पाहिलं, हरभरे कधी मिळतात म्हणून. मामांनी मूठ घट्ट मिटली होती आणि ते देवीकडे बघत होते. मागे रांगेतले लोक कुजबुजायला लागले. तिसरा, चौथा, पाचवा तांब्या झाला. बोकडाचा केससुद्धा हलला नाही. शेवटी गुरवाने तांब्या खाली ठेवला. "पावणं, देवीला ह्यो नको हाय. तिच्या नावानं सोडा. हितनं म्होरं ह्याला कुनी कापायचा न्हाय, इकायचा न्हाय." मामांनी देवीपुढे लोटांगण घातलं ते उठेचनात. मामींनी पुरणाचा नैवेद्य दाखवला. येताना टेम्पोत मामा सारा रस्ता गाणी म्हणत होते, आणि मीही, का खोटं बोलू, त्यांच्या सुरात सूर मिसळला.

त्याला आता तीन वर्षं झाली. विनाथांबा म्हातारा झालाय, पण आहे. परवा रविवारी मी मामांकडे जेवायला गेले होते. मामींनी सगळ्यांना मटण वाढलं आणि स्वतः भाकरीबरोबर पिठलं घेतलं. नळी फोडून खाणारी बाई ती, माहेरच्या जत्रेत पैजा लावून जेवलेली. मी स्वयंपाकघरात जाऊन विचारलं तर म्हणाल्या, "दात दुखत्यात गं." माझा विश्वास बसला नाही आणि मी तो बसल्यासारखं दाखवलंही नाही. "मामी," मी म्हटलं, "मामा त्या बोकडाला दोन महिने पाणी ओतून तयार करत होते, ते तुम्हाला तेव्हा कळलं होतं?"

मामी चुलीकडे बघत हसल्या. "न्हाय कळायला काय झालं? पानी कोन तापवून देत हुतं? ह्यांना इसाणाचं काय कळतंय. पयल्या दिवशी कडकडीत पान्यात येक तांब्या गार घातलं, दुसऱ्या दिवशी दोन. जत्रंपातूर निव्वळ गार."

"आणि नवस?"

"त्या बोकडावाचून ह्ये ऱ्हायलं आस्तं व्हय?" त्यांनी पदराने हात पुसले. "मग नवरा मागून मिळवलं काय मी? पर देवीचं देनं ठिवायचं न्हाय. तिथंच तिला सांगितलं, त्येचं मटान तू घेतलं न्हाईस, तर माझं घे. त्या दिसापास्नं म्या तोंडात घातलं न्हाय. ह्यांना ठावं न्हाय हां. त्यांनी पाय धरला हुता, म्या दात धरलं."

बाहेरून मामांची हाक आली. त्यांनी आपल्या ताटातला एक तुकडा वाटीत काढून ठेवला होता, चांगला शिजलेला, मऊ, हाड नसलेला. दर रविवारी ते मामींसाठी असा काढून ठेवतात. "ह्यो बघ," ते म्हणाले, "ह्यो दाताला लागायचा न्हाय. येवढा तरी खा की." मामींनी वाटी हातात घेतली, क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि गालाला हात लावून म्हणाल्या, "आज लईच दुखतंय वो."