सहा आवाजांचा अलार्म

कुंभारवाड्याच्या पुढं रानात आमची वाडी आहे. इथं चोर येत नाही, कारण आलाच तर परत जायला त्याला बस मिळायची नाही. अशा वाडीत मी गाडीला चोरांसाठी अलार्म बसवला. मी शाळामास्तर, पोरांना अक्कल वाटता वाटता स्वतःपुरती उरली नसावी.

गाडी जुनीच, बेळगावहून घेतलेली, पण वाडीतली एकुलती एक चारचाकी. तिची किल्ली पडवीच्या खांबाला टांगलेली असायची. कुणाला ताप भरला, कुणाला कळा सुरू झाल्या, कुणाची कॅसलरॉकची रेल्वे चुकायला आली, की ज्याला चालवता येईल त्यानं किल्ली काढायची आणि निघायचं. मला विचारायची पद्धतच नव्हती. फार तर बायको आतून ओरडायची, "दार जोरात लावा, उघडं ऱ्हातंय त्ये."

मग रामनगरच्या एका लग्नात माझ्या मेहुण्यानं नुसता खिशात हात घालून त्याची गाडी टुक करून बोलती केली. चार लोकांनी वळून पाहिलं. तिथंच माझं डोकं फिरलं.

"हल्ली चोऱ्या लई वाढल्यात," मी बायकोला म्हणालो.

"कुठं?"

"फोनवर दाखवत्यात की."

"मग फोनलाच बसवा."

तरी मी गेलोच. रामनगरच्या दुकानदारानं तीन डबे मांडले. पहिला, गाडी कुठं आहे ते फोनवर सांगणारा. आमच्याकडं रेंजसाठी टेकडीवर चढावं लागतं आणि तिथून गाडी तशीही दिसते. दुसऱ्याची किंमत ऐकून मी तो डबा हळूच खाली ठेवला. तिसरा सगळ्यात स्वस्त, आणि सहा आवाज त्यालाच! वर रिमोट दाबल्याशिवाय इंजिन चालूच होणार नाही. मी हरखून गेलो.

वायरी जोडणाऱ्यानं विचारलं, "सेन्सर किती ठेवू? मध्यावर ठेवलेला बरा." मी म्हणालो, "पुरा ठेवा." पैसे पुरे दिल्यावर सेन्सर अर्धा कशाला? मग त्यानं स्टिअरिंगच्या खाली लपवलेलं एक बटण दाखवलं. रिमोट जवळ नसला तर ते दाबायचं, गाडी चालू होते. "जागा कुणाला सांगू नका हं." मी आज्ञाधारक माणूस. बायकोलासुद्धा सांगितली नाही. डब्यातले दोन्ही रिमोट माझ्या खिशात ठेवले आणि किल्ली मात्र सवयीनं खांबाला टांगली.

दुसऱ्याच दिवशी शेजारचा कोंबडा बॉनेटवर चढला आणि सहाही आवाज ओळीनं झाले. आमच्याकडं असा गलका उठला की भातात गवा शिरला असं समजायचं. माणसं पत्र्याचे डबे बडवत, काठ्या घेऊन धावत आली. "गवा कुठं हाय?" एकानं धापा टाकत विचारलं. मी कोंबडा दाखवला. पुढच्या दिवशी वानर, त्याच्या पुढच्या दिवशी फणसाची वाळकी फांदी. आठवड्याभरात कुणी मान वर करेनासं झालं. "मास्तरची गाडी रडतीया," एवढंच म्हणायचे आणि भात कापत राहायचे.

त्याच कापणीच्या दिवसांत मला तालुक्याला, जोयड्याला मीटिंग होती. गाडी नुकती धुतली होती, ती धुळीनं मळू नये म्हणून मी बसनं गेलो. चहाच्या वेळी बाकीच्या मास्तरांना रिमोट दाखवला, दाबूनही दाखवला. गाडी तिकडं वाडीत असल्यानं काहीच झालं नाही, तरी त्यांनी सभ्यपणानं माना डोलावल्या.

त्याच वेळी वाडीत शेजारच्या काकीला बांधावर गवत कापताना साप चावला. तिचा थोरला टेम्पो चालवतो. त्यानं आईला पाठीवर घेऊन आमचं अंगण गाठलं, किल्ली काढली, दार उघडलं. सहा आवाज सुरू झाले. किल्ली फिरवली, इंजिन ढिम्म. त्यानं आणि माझ्या बायकोनं सापडेल ते दाबून पाहिलं. हॉर्न वाजला, वायपर फिरले. ते बटण त्याच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होतं. गाडी सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशी बोंबलत होती आणि मदतीला कुणी येत नव्हतं, कारण न येण्याची सवय मीच लावली होती. शेवटी त्यानं वरच्या घरातली मोटारसायकल आणली, काकीला मधे बसवलं, मागून माझ्या बायकोनं धरलं आणि रानातल्या त्या रस्त्यानं तिघं जोयड्याला आले.

मीटिंग सुटल्यावर मी बसस्टँडकडं निघालो, तर दवाखान्याच्या दारात बायको दिसली. साडीला चिखल, पायात चप्पल नाही. तिनं झालेलं सगळं सांगितलं, एकदाही आवाज न चढवता. माझा हात खिशात होता आणि खिशात दोन रिमोट होते. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, धोका टळला. मी आत गेलो. काकीचा पाय मांडीपर्यंत सुजला होता. मला बघून ती हसली.

"मास्तर, तुमची गाडी लई वरडली बघा. पर हलली न्हाई."

मी खाटेचा दांडा धरून रडलो.

दुसऱ्या दिवशी रामनगरला जाऊन सगळं काढून टाकलं. वायरी सोडवताना त्या माणसानं विचारलं, "चालला न्हाई काय ओ?"

"चालला," मी म्हणालो. "कुणाला गाडी न्हेता आली न्हाई."

घरोघरी जाऊन सांगितलं, आता काही दाबायचं नाही, किल्ली घ्या आणि जावा. सगळे "व्हय, व्हय" म्हणाले. गेल्या आठवड्यात काकीला पाय दाखवायला न्यायचं होतं. तिचा थोरला आला. मी पडवीत पेपर वाचत होतो. तो अंगणातच थांबला.

"मास्तर, गाडी न्हेऊ काय?"

इतक्या वर्षांत हे मला पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं. मी "न्हे की" म्हणालो, तरी मी उठून किल्ली हातात देईपर्यंत तो तिथंच उभा होता.